मिठाच्या शहरांचा बखरकार



या सदरात आम्ही सामान्यतः आपल्याच समाजातील दिवंगतांचे स्मरण करीत असतो. कोणी मायदेशातील शाळामास्तर, कोणी हझान, कोणी पलटणीतून निवृत्त होऊन गावी परतलेले सुभेदार, तर कोणी या देशाच्या रखरखीत नव्या वस्तीत प्रार्थनेसाठी पहिली खोली मिळविणारे गृहस्थ. यावेळी ज्यांच्याविषयी लिहिण्याचे योजिले आहे ते मात्र आपल्या समाजाचे नाहीत, आपल्या धर्माचे नाहीत, आणि आपल्या राष्ट्राविषयी त्यांच्या मनात स्नेहभाव होता असे म्हणणेही सत्याला धरून होणार नाही. सौदी अरबस्तानाचे थोर कादंबरीकार अब्दुर्रहमान मुनीफ हे ते गृहस्थ होत. २४ जानेवारी २००४ रोजी दमास्कस येथे त्यांचे निधन झाले. त्या गोष्टीस दोन दशकांहून अधिक काळ लोटला असला तरी मराठी वाचकांना, आणि त्यातही आपणां बेने इस्राएलांना, त्यांची ओळख व्हावी तशी झालेली नाही.

हा विषय आम्ही मित्रमंडळींत काढला तेव्हा एका वयोवृद्ध काकांनी चष्मा कपाळावर सरकवून आम्हांस विचारले, “काय हो, आपली माणसे लिहून संपली काय? ज्याने आपल्या बाजूने एक अक्षर लिहिले नाही, त्याची आठवण आपण कशाला काढायची?” काकांनी १९७३ च्या युद्धात आपला थोरला मुलगा सिनाईच्या आघाडीवर पाठविला होता. त्यांचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. म्हणून प्रथम मुनीफ कोण होते ते सांगतो आणि मग काकांच्या प्रश्नाकडे वळतो.

मुनीफ यांचा जन्म १९३३ साली अम्मान येथे झाला. वडील अरबस्तानातील नज्द प्रांताचे, उंटांच्या तांड्यांबरोबर फिरणारे व्यापारी, आई इराकी. वडील लवकर वारले आणि बगदादच्या आजीच्या छायेत मुलाचे बालपण गेले. १९५२ साली कायद्याच्या अभ्यासासाठी ते बगदादला गेले. १९५५ साली बगदाद करार झाला, त्याविरुद्ध विद्यार्थ्यांत खळबळ उडाली, आणि मुनीफ यांना इराकमधून घालवून देण्यात आले. पुढे कैरो, आणि तेथून १९५८ साली शिष्यवृत्तीवर बेलग्रेड. १९६१ साली त्यांनी तेलाच्या अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. ज्या माणसाने तेलाने माणसांचे काय केले हे कादंबरीत सांगितले, तो तेलाचा हिशेब जाणणारा माणूस होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. सिरियाच्या तेलखात्यात त्यांनी नोकरी केली, बैरूतला पत्रकारिता केली, आणि १९७५ ते १९८१ या काळात बगदादला तेल व विकास या विषयास वाहिलेल्या एका नियतकालिकाचे संपादन केले. नंतर काही वर्षे फ्रान्समध्ये काढून १९८६ साली ते दमास्कसला आले व अखेरपर्यंत तेथेच राहिले.

या सबंध प्रवासात एक गाव नाही, ते म्हणजे सौदी अरबस्तानातील. ज्या देशाचे नागरिकत्व त्यांच्याकडे वडिलांकडून आले होते, त्या देशात त्यांचे दीर्घकाळ वास्तव्य कधीच झाले नाही. आणि १९६३ साली राजकीय मतांमुळे ते नागरिकत्वही त्यांच्याकडून काढून घेण्यात आले. तरुणपणी ते बाथ पक्षात होते, पुढे त्यातूनही बाहेर पडले. म्हणजे देश नाही आणि पक्षही नाही. चाळिशीपर्यंत त्यांनी एकही कादंबरी प्रसिद्ध केली नव्हती. पहिली कादंबरी १९७३ साली आली आणि त्यानंतर मृत्यूपर्यंत लेखणी थांबली नाही.

मराठीत आपण ज्याला प्रादेशिक कादंबरी म्हणतो, त्या जातीचे हे लेखन आहे. श्री. ना. पेंडसे यांनी गारंबी डोळ्यांपुढे उभी केली, व्यंकटेश माडगूळकरांनी १९५५ साली ‘बनगरवाडी’ लिहून माणदेशातील धनगरांची वस्ती आपल्या घरात आणून ठेवली. दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात आणि शेवटी माणसे वाडी सोडून चालू लागतात, हे ज्यांनी ‘बनगरवाडी’त वाचले असेल त्यांना मुनीफ यांची ‘अन्-निहायात’, म्हणजे ‘शेवट’, ही लहानशी कादंबरी परकी वाटणार नाही. वाळवंटाच्या कडेवरील अत्-तीबा या गावी दुष्काळ येतो. असाफ नावाचा एक एकलकोंडा शिकारी आणि त्याचा कुत्रा एवढेच त्या गावाचे आधार. शहरातून पाहुणे येतात, गंमत म्हणून शिकारीला निघतात, वादळ उठते, आणि असाफ वाळूत गाडला जातो. गावकरी रात्रभर त्याच्या प्रेताजवळ बसून एकामागून एक गोष्टी सांगतात. पाण्यावाचून मरणाऱ्या गावाचे दुःख माणदेशात आणि अरबस्तानात निराळे नसते.

परंतु मुनीफ यांचे नाव ज्या ग्रंथाने जगभर झाले तो ग्रंथ म्हणजे ‘मुदुन अल्-मिल्ह’, अर्थात ‘मिठाची शहरे’. १९८४ ते १९८९ या काळात पाच खंडांत तो प्रसिद्ध झाला. पहिल्या खंडाचा इंग्रजी अनुवाद पीटर थरू यांनी १९८७ साली केला व त्यामुळेच आम्हां अरबी न जाणणाऱ्यांना तो वाचता आला. सौदी अरबस्तानात त्यावर बंदी आली, आणि ती का आली हे समजण्यासाठी थोडा इतिहास सांगणे अवश्य आहे.

१९३३ साली, म्हणजे मुनीफ जन्मले त्याच वर्षी, जेद्दा येथे राजे अब्दुलअझीझ यांच्या सरकारने कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीस तेल शोधण्याचा मक्ता दिला. मुदत साठ वर्षांची. प्रारंभीची रक्कम म्हणून कंपनीने ३५,००० सोन्याची नाणी जेद्दाला पोचविली व ती तेथे मोजून घेण्यात आली. त्या काळी या राज्याचे मुख्य उत्पन्न हाजच्या यात्रेकरूंपासून येई, आणि जागतिक मंदीमुळे यात्रेकरूही घटले होते. प्रारंभीच्या विहिरींनी पुरेसे तेल दिले नाही. अखेर मार्च १९३८ मध्ये दम्माम येथील सातव्या क्रमांकाच्या विहिरीने भरपूर तेल दिले, आणि १ मे १९३९ रोजी रास तनूरा बंदरात राजेसाहेबांच्या उपस्थितीत पहिले तेलवाहू जहाज भरले. ही झाली सरकारदरबारची हकीकत. ज्यांच्या पायांखालून ते तेल निघाले त्या माणसांचे काय झाले हे त्या कागदांत नाही. ते मुनीफ यांनी लिहिले.

वादी अल्-उयून, म्हणजे झऱ्यांचे खोरे, या काल्पनिक हिरव्या खोऱ्यात कथा सुरू होते. परदेशी माणसे येतात, पाण्यासाठी आलो असे भासवितात, दगडमाती पिशव्यांत भरून नेतात. मितअब अल्-हथाल नावाचा एक गावकरी तेवढा पहिल्या दिवसापासून अस्वस्थ आहे. त्याला काय येत आहे ते सांगता येत नाही, पण काहीतरी येत आहे हे कळते. मग यंत्रे येतात आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या खजुरीच्या बागा मुळापासून उपटल्या जातात. ते दृश्य पाहून मितअब उंटिणीवर बसतो आणि वाळवंटात निघून जातो. तो पुन्हा परतत नाही. लोकांच्या तोंडी मात्र तो जिवंत राहतो. गावाची पांगापांग होते. तरुण पोरे हर्रान नावाच्या बंदरावर मजुरीला जातात आणि तेथे त्यांना आपापले उंट विकून टाकावे लागतात. उंट विकलेला बदाऊन आपल्या पायांनी परत जाऊ शकत नाही, हे वेगळे सांगायला नको. हर्रानची दोन शहरे होतात: एकात परदेशी साहेबांची गार हवेची घरे, दुसऱ्यात अरब मजुरांच्या तापलेल्या बराकी. तेथील अमीर दुर्बीण, रेडिओ, टेलिफोन अशा एकेका खेळण्याच्या नादी लागतो आणि अखेर भ्रमिष्ट होतो. पहिल्या खंडाचा शेवट कामगारांच्या संपाने होतो. हा संप कवीची कल्पना नव्हे. तेलकंपनीच्या अरब कामगारांनी १९४५, १९५३ आणि १९५६ साली प्रत्यक्ष संप केले होते, आणि १९५६ सालीच राजाज्ञेने संपास मनाई करण्यात आली.

ग्रंथाच्या नावाविषयी मुनीफ यांनी असा खुलासा केला होता की, ज्या शहरांना टिकाऊ आधार नाही ती मिठाची शहरे. पाण्याची पहिली लाट येताच ती विरघळून जातील. आम्हांस हे वाचताना अलिबाग-पेणची मिठागरे आठवली. उन्हाळाभर रचलेल्या मिठाच्या पांढऱ्या राशी मृगाच्या पहिल्या सरीपूर्वी झाकल्या नाहीत तर काय होते, हे आपल्या वडीलधाऱ्यांना सांगावे लागत नसे. आणि ज्यांचे घर आज बेर शेवा किंवा दिमोना येथे आहे त्यांना सदोमचा मिठाचा डोंगर व लोटाच्या बायकोची कथा जवळचीच आहे. फरक एवढाच की, लोटाच्या बायकोने मागे वळून पाहिले म्हणून ती मिठाचा खांब झाली, तर मुनीफ यांच्या मते जी शहरे मागे वळून पाहत नाहीत ती मिठाची होतात.

आणखी एक गोष्ट आम्हांस विशेष वाटली. पहिल्या खंडाचे अरबी नाव आहे ‘अत्-तीह’. तीह म्हणजे वाट चुकून भटकणे, आणि तसे भटकायला लावणारे रान. सिनाईच्या पठाराला अरबी भाषेत हेच नाव आहे, कारण मिसरातून निघालेले आपले पूर्वज चाळीस वर्षे तेथे भटकले. स्वतःच्याच भूमीत बेघर झालेल्या अरबांसाठी मुनीफ यांनी तोच शब्द निवडला. आपली मते काहीही असोत, तो शब्द दोघांचा आहे.

हा ग्रंथ इंग्रजीत आला तेव्हा अमेरिकेतील नामवंत कादंबरीकार जॉन अपडाइक यांनी, आपण ज्याला कादंबरी म्हणतो तशी ही वाटत नाही, अशा आशयाचा अभिप्राय दिला. एक नायक नाही, सगळे गाव बोलते, एकाची हकीकत दुसरा पुरी करतो, तिसरा तिला शंका काढतो. ज्यांचे कान कीर्तनावर पोसले आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. योसेफाची किंवा मोशेची कथा कीर्तनात ऐकताना आपल्या आज्या मधेच हुंकार देत, मधेच आपली भर घालीत. आणि मराठीत बखरीही अशाच सांगितल्या गेल्या. म्हणूनच आम्ही मुनीफ यांना बखरकार म्हणतो. याउलट आपल्याच देशाचे अमिताव घोष यांनी १९९२ साली एका अमेरिकन साप्ताहिकात या ग्रंथावर दीर्घ लेख लिहिला. मसाल्याच्या व्यापाराने जगाला कितीतरी साहित्य दिले, पण तेलासारख्या एवढ्या मोठ्या घटनेवर साहित्य जवळजवळ झालेच नाही, असे सांगून त्यांनी मुनीफ यांचे महत्त्व दाखविले. त्यांच्या उणिवाही दाखविल्या.

येथे आपल्या कोकणचा विचार मनात आल्याखेरीज राहत नाही. आपले पूर्वज कुलाबा जिल्ह्यात तेलाचा घाणा चालवीत आणि शाब्बाथ पाळीत म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव दिले. ते तेल तिळाचे व खोबऱ्याचे. १९५० नंतर आपली घरे एकेक करून बंद झाली आणि माणसे अश्दोद, लोद, दिमोना, बेर शेवा येथे येऊन राहिली. त्यानंतर, १९७० च्या दशकात, त्याच आळीतील मुसलमान शेजाऱ्यांची तरुण मुले दुसऱ्या तेलाच्या शोधात दम्माम, रियाध, जेद्दा येथे गेली. मुरूड, म्हसळे, श्रीवर्धन या भागांत आजही अशी घरे दिसतात की ज्यांचा चिरेबंदी मजला आखातातील पैशाने चढला, पण आत राहायला म्हातारी माणसेच उरली. एकाच विहिरीचे पाणी प्यायलेली दोन घराणी, एक पश्चिमेच्या या किनाऱ्याला तर दुसरे अरबस्तानाच्या त्या किनाऱ्याला, मजुरीला आणि नशिबाला गेली. हर्रानच्या बराकींची वर्णने वाचताना आम्हांस आपल्या पहिल्या वर्षांतील पत्र्याच्या निवाऱ्यांची आठवण झाली, आणि त्या शेजाऱ्यांच्या मुलांचीही.

आता मुनीफ यांच्या युद्धविषयक लेखनाकडे वळू. लष्करी डावपेचांचे नकाशे काढणारे इतिहासकार ते नव्हते. लढाई संपल्यावर माणसांच्या मनात काय उरते याची नोंद त्यांनी ठेवली. १९७६ साली त्यांची ‘आम्ही पूल सोडला तेव्हा’ ही कादंबरी आली. १९६७ च्या अरबांच्या पराभवाची छाया तिच्यावर आहे. झकी नदावी नावाचा एक माजी सैनिक कुत्र्याला बरोबर घेऊन पाणथळीत शिकारीला भटकतो. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी मोठ्या कष्टाने एक पूल बांधला होता. ओलांडून जाण्यासाठीच तो बांधला होता. परंतु ओलांडण्याचा हुकूम आलाच नाही. हुकूम आला तो पूल सोडून मागे फिरण्याचा. लढून हरलो असतो तर बरे, न लढताच हरलो, हे शल्य त्याला झोपू देत नाही. तो कुत्र्यावर ओरडतो, स्वतःला शिव्या देतो. शत्रूविषयी यात फारसे काही नाही. सारा राग आहे तो आपल्याच वरिष्ठांवर आणि आपल्याच गप्प राहण्यावर.

याच रागातून आदल्या वर्षी, १९७५ साली, ‘शर्क अल्-मुतवस्सित’, म्हणजे ‘भूमध्याच्या पूर्वेस’, ही राजकीय कैद्याची कादंबरी आली होती. तीत तुरुंगाच्या देशाचे नाव दिलेले नाही. त्यामुळे त्या भागातील कोणत्याही सत्ताधीशाला आपले तोंड त्या आरशात पाहता आले असते.

इराकचा इतिहास हा त्यांच्या अखेरच्या वर्षांचा ध्यास होता. १९९९ साली ‘अर्द अस्-सवाद’ ही तीन खंडांची ऐतिहासिक कादंबरी प्रसिद्ध झाली. सवाद म्हणजे काळी भूमी. वाळवंटातून येणाऱ्या अरबांना दोन नद्यांमधली गर्द हिरवी जमीन दुरून काळी दिसे, म्हणून हे नाव. बगदादचा वाली दाऊद पाशा आणि तेथील ब्रिटिश रेसिडेंट क्लॉडियस रिच यांच्यातील चढाओढ हा तिचा गाभा. हे सारे आपल्याला वाटते तितके दूरचे नाही. बगदादची रेसिडेन्सी त्या काळी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारच्या हाताखाली होती. रिचसाहेबांचे लग्न १८०८ साली मुंबईतच झाले; त्यांचे सासरे सर जेम्स मॅकिंटॉश मुंबईचे रेकॉर्डर होते. आणि दाऊद पाशाच्या जाचाला कंटाळून जे यहुदी कुटुंब बगदाद सोडून बूशहरमार्गे १८३२ साली मुंबईस आले, ते डेव्हिड ससून यांचे. भायखळ्याचे मागेन डेव्हिड, पुण्याचे लाल देऊळ, काळ्या घोड्याजवळचे वाचनालय, हे सारे आपल्याला परिचित आहे. त्यांच्या मागे जो इतिहास आहे तो नज्दी बापाच्या व इराकी आईच्या या मुलाने कादंबरीत आणला.

त्याच इराकच्या मातीत १९१५-१६ साली सहाव्या पुणे डिव्हिजनमधील मराठा पलटणी कुत अल्-अमारा येथे वेढ्यात सापडल्या होत्या. अन्नान्न करून २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील फौजेला शरण जावे लागले. पुढे मार्च १९१७ मध्ये ब्रिटिशांनी बगदाद घेतले. महाराष्ट्रातील कित्येक गावांत ‘बसऱ्याची लढाई’ हे शब्द म्हाताऱ्यांच्या तोंडी होते, ते यामुळे. २००३ साली अमेरिकेने इराकवर स्वारी केली तेव्हा मुनीफ यांनी तिला विरोध केला. सद्दाम हुसेनच्या राजवटीचे ते मित्र नव्हते. पण परकी फौजेने दिलेले स्वातंत्र्य टिकत नाही, असे त्यांचे मत होते. त्याच वर्षी इराकचा इतिहास व तेथील प्रतिकार यांवरील त्यांचे टिपणवजा पुस्तक निघाले, आणि काही महिन्यांतच ते गेले.

या विषयात आपणही केवळ प्रेक्षक नाही. १९९१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत सद्दामची क्षेपणास्त्रे तेल अविव आणि रमत गन येथे पडत होती. खिडक्यांना चिकटपट्ट्या लावून, मुलांच्या तोंडावर मुखवटे बांधून आपण बंद खोल्यांत बसलो होतो. त्याच रात्रींत तीच क्षेपणास्त्रे रियाध आणि धहरानवरही पडत होती. तेथेही कोणी आई मुलाला पोटाशी धरून बसली असेल. कोकणातून गेलेला कोणी मजूरही असेल.

आता काकांच्या प्रश्नाचे उत्तर देण्याची वेळ आली. मुनीफ यांनी आपल्या बाजूने अक्षर लिहिले नाही हे खरे. ते अरब राष्ट्रवादी होते आणि आपल्या राज्याच्या स्थापनेकडे ते आपल्या डोळ्यांनी पाहणे शक्य नव्हते. त्या बाबतीत आमचे त्यांच्याशी जुळत नाही, आणि तसे ढोंगही आम्ही करणार नाही. शिवाय राजवटींविरुद्ध एवढे लिहिणाऱ्या या लेखकाचे शेवटचे आयुष्य जेथे गेले त्या दमास्कसमध्येही मुक्त राज्य नव्हते, हेही सांगितले पाहिजे. परंतु त्यांचा मान आम्ही त्यांच्या राजकारणासाठी करीत नाही.

१९६३ साली त्यांचे नागरिकत्व गेले. त्या कागदाचे मोल काय असते हे आपल्या समाजाला सांगावे लागणार नाही. जवळजवळ त्याच सुमारास, १९६२ पासून, या देशात आपल्या मुलामुलींची लग्ने नोंदविताना त्यांच्या वाडवडिलांच्या यहुदीपणाची चौकशी होऊ लागली होती. आपले लोक येरुशलेमला जाऊन धरणे धरून बसले, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये कनेसेटने बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदीच आहेत असे स्पष्ट केले. आपल्याला आपला हक्क मिळाला, मुनीफ यांना तो मरेपर्यंत मिळाला नाही. तरीही ज्या देशाने त्यांना आपले म्हटले नाही, त्या देशाच्या खोऱ्यांची, विहिरींची, उंटांची आणि मजुरांची कथा त्यांनी इतक्या मायेने लिहिली की ती वाचल्यावाचून त्या देशाचा इतिहास पुरा होत नाही. १९८९ साली त्यांना सुलतान अल्-ओवैस पारितोषिक आणि १९९८ साली कैरोचे अरबी कादंबरीचे पहिले पारितोषिक मिळाले. मात्र हे दोन्ही मान सौदी अरबस्तानाबाहेरचे होते.

शेजारी देशाच्या माणसाच्या घरात काय चालले आहे हे आपल्याला वर्तमानपत्रांतून कळत नाही. तेथे राजे, तेलाचे भाव आणि तोफा एवढेच येते. वादी अल्-उयूनच्या बागा उपटल्या गेल्या त्या दिवशी मितअबला काय वाटले, हे कादंबरीतच कळते. आणि ते कळल्यावर शत्रुत्व संपते असा भाबडा दावा आम्ही करीत नाही. पलीकडे माणसे आहेत एवढे मात्र विसरता येत नाही.

काकांना आम्ही पुलाची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “माझ्या मुलानेही कालव्याजवळचे एक ठाणे सोडले होते. त्याबद्दल तो घरी कधी बोलला नाही.” थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “त्या पुलाचे पुढे काय झाले?” आम्ही म्हणालो, “काका, त्या शिकाऱ्यालाही तेच छळते.” हा लेख छापण्यास आता त्यांची हरकत नाही.

शेवटी वाचकांस एक विनंती. आपल्यापैकी ज्यांनी नवगाव, रेवदंडा, पेण, म्हसळे, बोर्ली पाहिली, घाण्याचा आवाज ऐकला, मलिद्याच्या ताटाभोवती शेजारच्या आळीतील सर्वांना बसलेले पाहिले, ती पिढी आता मोजकीच उरली आहे. मुनीफ यांना आपल्या वडिलांच्या गावी राहायला मिळाले नाही, तरी त्यांनी ते पाच खंडांत उभे केले. आपण आपल्या गावी राहिलो आहोत. निदान चार पाने तरी लिहावीत. गावाचे नाव, विहीर कोठे होती, शेजारी कोण होते, घर सोडले तो दिवस कसा होता, एवढे साध्या मराठीत लिहून आमच्याकडे धाडावे. शुद्धलेखनाची चिंता करू नये. ते आम्ही पाहू. ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांच्या नातवंडांनी आजीआजोबांजवळ बसून ते उतरवून घ्यावे.

दिवंगत अब्दुर्रहमान मुनीफ यांच्या स्मृतीस आमचे आदरपूर्वक अभिवादन.